दाजींच्या हातातलं स्टिअरिंग

दाजी, तुमच्या तेराव्याला पंगत बसली होती तेव्हा तुमचे केदारखेड्याचे थोरले भाऊ वाढता वाढता माझ्यासमोर थांबले आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुधाकरराव, तुम्ही त्या टायमाला बोलले म्हणून आमचा भाऊ घरात, अंथरुणात गेला. न्हाईतर कुठंतरी रस्त्यावर सापडला असता, अन् संगं चार जण घेऊन." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. त्यांनी माझ्या पानात आणखी एक लाडू टाकला. मी तो खाल्ला. नको म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं.

ते बोलले त्यात खोटं काही नाही. शुगरनं तुमच्या हातापायांची जाण गेली होती, ते पहिल्यांदा मला कळलं, मी अक्काला सांगितलं आणि तुमची जीप बंद झाली. त्यानंतर तुम्ही चारेक वर्षं जगलात आणि झोपेत गेलात. पण त्या वर्षांत तुम्ही माझ्याशी कसे वागलात ते तुमच्या भावाला माहीत नाही. फार चांगले वागलात. तीच माझी तक्रार आहे.

मी कुंभार पिंपळगावहून जालन्याला आलो तो एक पत्र्याची पेटी घेऊन. बियाण्याच्या कंपनीत हिशेबनीसाची नोकरी लागली होती आणि जालन्यात माझं असं एकच घर होतं, मस्तगडातलं तुमचं. बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाला लोक काय म्हणतात, ते आईनं निघताना दोनदा ऐकवलं होतं. मी दारात चपला काढून उभाच राहिलो. तुम्ही पेटी उचललीत आणि म्हणालात, "पाव्हणं, वरची खोली तुझी. जेवायला बोलवायची वाट पाहशील तर उपाशी मरशील. भूक लागली की येऊन बसायचं." पुढं लग्न होईपर्यंत मी त्या खोलीत राहिलो. पाव्हणा म्हणायचात आणि पाहुण्यासारखं एक दिवस वागवलं नाहीत. गॅस सिलिंडर आणायला मी, माळ्यावर चढायला मी, आणि अक्का चिडली की पुढं करायलाही मीच. ह्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. मेव्हण्यानं दाजींचे आभार मानायची पद्धत आपल्याकडं नाही, आणि मी पद्धतीचा फायदा घेतला.

गाडीसुद्धा तुम्हीच शिकवलीत. तुमची जीप बियाण्याच्या कंपन्यांकडं लागलेली असायची, साहेब लोकांना शेतातले बियाण्याचे प्लॉट दाखवायला न्यायची. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला भोकरदनच्या बाजूच्या शेतरस्त्यांवर घेऊन जायचात, स्टिअरिंग माझ्या हाती द्यायचात आणि शेजारी बसून शेंगा खायचात. काळ्या मातीत चाक रुतायला लागलं की स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढायचं, आणि मी घाबरून आवळून धरायचो. "अरे, मुंडी धरल्यावानी कामून धरून राह्यला? ढिलं धर. कुठं ओढती ते कळू दे आधी." मी घाटात, ढिल्या मातीत, पावसात, सगळीकडं नीट गाडी चालवतो ती ह्या एका वाक्यावर.

आणि मग मी ते कॉम्प्युटरला जोडायचं, आत मोटर असलेलं स्टिअरिंग आणलं. कॉम्प्युटर आधीच घेतला होता, त्यावर गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळायचो. पुण्यातल्या एका मित्रानं नवं घेतलं म्हणून जुनं मला दिलं. कॉम्प्युटरचं टेबल तकलादू, ते हलायला लागलं, म्हणून आपण दोघांनी अक्काचं शिलाई मशीन वर चढवलं आणि त्याच्या फळीला स्टिअरिंग आवळून बसवलं. खालचे पेडल फरशीवरून पुढं सरकायचे, तर त्यांच्यापुढं गव्हाचं पोतं आडवं टाकलं. अक्का म्हणाली, "मशीन गेली, गहू गेला, आता मला पण न्या वर." पण पहिल्यांदा चालवायला तीच बसली आणि सरळ झाडावर गेली.

साध्या खेळण्यातल्या स्टिअरिंगमध्ये एक स्प्रिंग असते, ती नुसती मध्याकडं ओढते. ह्याच्यात मोटर होती. गेममधली गाडी खडीवर गेली की हाताला थरथर यायची, वळणावर टायर ताणले की स्टिअरिंग जड व्हायचं, आणि टायर घसरायला लागले की एकदम हलकं पडायचं. ह्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. किती जोर ठेवायचा, थरथर किती, मध्याकडं ओढ किती, हे सगळं कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. ते नीट बसवलं तर डोळे मिटूनसुद्धा रस्ता कळतो. नाही बसवलं तर नुसतीच झटापट.

तुम्ही पहिल्या दिवशी ते दोन्हीकडं फिरवून पाहिलंत आणि निकाल दिलात, "ह्याच्यात प्ले न्हाई."

"कसला प्ले?"

"अरे, दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं. तितकं फिरवूस्तोर गाडीनं गप राहायला पाहिजे. हे तर शिंकलं तरी वळून राह्यलं."

"दाजी, प्ले म्हणजे झीज. तुमच्या जीपला झालेला रोग आहे तो."

"मंग जिल्ह्यातल्या समद्या जीपला झालेला दिसतो. बसव प्ले."

आणि मी बसवला. मध्यावर थोडी जागा मोकळी सोडायची सोय त्यात होती, ती वाढवली. गंमत म्हणजे मलाही तेव्हाच ते स्टिअरिंग खरं वाटायला लागलं, कारण मीसुद्धा त्याच रोगी जीपवर शिकलो होतो. नंतर पुण्याचा मित्र आला, त्यानं एक चक्कर मारली आणि पोट धरून हसला. जगभर लोक ती मोकळी जागा काढून टाकायला धडपडतात आणि तुम्ही दोघं मुद्दाम घालून बसलात, म्हणाला. तुम्ही त्याला शांतपणे विचारलंत, "तुम्ही जीप चालवली का कधी?" तो नाही म्हणाला. तुम्ही माझ्याकडं पाहून डोळा मारलात.

गोल ट्रॅकवरच्या शर्यती तुम्हाला आवडायच्या नाहीत. तिथंच फिरून तिथंच यायचं तर घरून निघायचं कशाला, म्हणायचात. तुम्हाला रॅली आवडायची, कुठल्याशा परदेशातल्या जंगलातले मातीचे रस्ते. रविवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून तुम्ही त्या जंगलात जायचात. सावकाश. वळणाआधी हॉर्नचं बटण शोधायचात.

भांडण सुरू झालं ते जोरावरून. सुरुवातीला साठावर तुम्ही खूश होतात. मग म्हणालात, वाढव. सत्तर केलं, ऐंशी केलं. शेवटी "पुरं लाव" म्हणालात, शंभर. मी समजावून सांगायचो, की दाजी, मोटरची ताकद ठरलेली आहे. सगळंच शंभरावर नेलं तर खडाही शंभरानं लागणार आणि भिंतही शंभरानं, मग दोन्हीतला फरक कसा कळणार? जोर कमी केला तर बारीक बारीक कळतं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "तुझं बराबर असंल. पण माझ्या हाताला काहीच लागंना."

हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणालात, दाजी. आणि मी दर वेळी नवं उत्तर शोधायचो. तुम्हाला रस्ता नको, कुस्ती पाहिजे, म्हणायचो. शेतकऱ्याला मऊ काही चालतच नाही, म्हणायचो. तुम्ही हसायचात. मी वाद जिंकतोय ह्या आनंदात होतो, समोरचा माणूस वाद घालतच नव्हता, नुसतं सांगत होता, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. त्याच दिवसांत तुम्ही एकदा एका पायात चप्पल घालून बाजारातून घरी आलात. दुसरी वाटेत कुठं निसटली ते तुम्हाला कळलं नव्हतं. अक्कानं आणि मी त्यावरून आठवडाभर टिंगल केली.

मग तो रविवार. मी सकाळपासून सेटिंग करत बसलो होतो. जोर, थरथर, ओढ, सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हटलं आज दाजींच्या मनासारखं करूनच उठायचं. दुपारी अक्कानं इस्त्री करायला माझ्याच खोलीतला बोर्ड वापरला आणि जाताना मोटरचा प्लग काढलेला तसाच राहिला. मी खाली जेवायला गेलो होतो, मला माहीत नव्हतं. वर आलो, तुम्हाला बसवलं. प्लग नसला तरी गाडी चालते, स्टिअरिंग फिरवलं की वळते, फक्त हाताला काही म्हणजे काही लागत नाही. मेलेलं असतं.

तुम्ही अख्खी फेरी मारलीत. डोळे स्क्रीनवर, तोंडात सुपारी. उतारावरची खडी, ओढ्याचं पाणी, शेवटचं वळण. मग मागं टेकलात आणि म्हणालात, "आज बराबर जमलं, पाव्हणं. आता कसा एकेक खडा लागून राह्यला हाताला."

मी खुशीत खाली वाकलो पेडल सरकवायला आणि मला प्लग दिसला.

मला वाटलं चेष्टा करताय. मी हसत म्हणालो, "दाजी, मोटरला लाईटच नाही." तुम्ही प्लगकडं पाहिलंत, मग हातांकडं. हात अजून स्टिअरिंगवरच होते. "तू सकाळपून बसलेला," म्हणालात. "म्हनलं, जमलं म्हणावं."

मग हळूहळू सगळं सांगितलंत. पायांचं बरेच दिवस झालेत. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्या पण गेल्या. हातांचं आताआताचं आहे.

"अन् जीप?"

"जीप डोळ्यानं चालती. कानानं चालती. क्लच कुठं सुटला ते आवाजावरून कळतं मला. आजवर घासली का कुठं? सांग."

घासली नव्हती. ते खरंच होतं.

"तुझ्या अक्काला बिलकुल सांगू नको. ती किल्ली घेईल. शेत भाऊ पाहतेत, पोरं न्हाईत आम्हाला. किल्ली गेली की मी कोण राह्यलो? हितं बसून हे खेळणं फिरवत बसू का?"

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मान हलवली. ती कशी हलली ते तुम्ही तुमच्या सोयीनं घेतलंत, मी माझ्या.

प्लॉटचा सीझन सुरू झाला. एक दिवस कंपनीच्या गेटातून तुमची जीप बाहेर पडताना पाहिली. मागं माणसं दाटीवाटीनं बसलेली, त्यातले दोघं माझ्याच टेबलाशेजारचे. एकानं मला हात केला. त्या दिवशी माझा एकही आकडा जुळला नाही. संध्याकाळी जीप परत येईपर्यंत मी गेटापाशीच घुटमळत होतो. ती आली, तुम्ही व्यवस्थित लावलीत, खाली उतरलात आणि उतरताना खाली पाहून पाय कुठं टेकला ते डोळ्यांनी पक्कं केलंत. मी घरी जाऊन अक्काला सांगितलं.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "चहाचा कप वाफ निघत असली तरी तसाच धरून बसतेत. मी म्हनायची, काय सोसतंय बाई ह्या माणसाला." मग ती रडली.

मी वरच्या जिन्यात उभा होतो, दाजी, तुम्ही आलात तेव्हा. तुम्ही ओरडाल म्हणून तयारीत होतो. तुम्ही फक्त विचारलंत, "कोण बोललं?" अक्कानं माझं नाव घेतलं. किल्ली फडताळावर ठेवल्याचा आवाज आला. सकाळी मी खाली उतरलो तर तुम्ही ओट्यावर बसला होतात. म्हणालात, "या, सुधाकरराव. चहा घ्या."

शिव्या दिल्या असत्यात तरी चाललं असतं. पाव्हणं गेलं, अरेतुरे गेलं, आणि त्या घरात पहिल्यांदा मला पाहुण्यासारखं वागवलं गेलं. माझ्या लग्नात तुम्ही मांडवभर राबलात, निघताना मला हात जोडलेत. मी वेगळं घर केलं, स्टिअरिंग आणि कॉम्प्युटर तुमच्याकडंच वर राहू दिलं; माझ्याकडं आलात की बाहेरच्या खोलीत ताठ बसायचात. जीप विकली गेली. मस्तगडात कुणी विचारलं, दाजी, गाडी दिसत न्हाई, तर तुम्ही सांगायचात, "गॅरेजला हाय." पुढं लोकांनी विचारायचंच सोडलं.

मी भांडायला तयार होतो. माझ्याकडं मुद्दे होते. त्या निमित्तानं तुमचं डॉक्टरकडं जाणं झालं, पायाच्या तळव्याची जखम वेळेवर सापडली, पाय वाचला. दोनतीनदा मी विषय काढलासुद्धा. तुम्ही पुरतं ऐकायचात आणि म्हणायचात, "तुमचं बराबर होतं, सुधाकरराव." झालं! समोरच्यानं मानूनच टाकलं तर माणूस भांडणार कुणाशी? मला तुम्ही म्हणायला हवं होतात की माझी गाडी कुठं घासली नव्हती, तू कोण ठरवणारा. मग मी म्हणालो असतो की दाजी, सांगितलं ह्याचं मला वाईट वाटत नाही, आजही सांगितलं असतं. पण आधी तुमच्यापाशी यायला हवं होतं. तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, की आज संध्याकाळी मी अक्काला सांगणार आहे, तुम्हाला आधी सांगायचं तर सांगा. तेवढा मान तुम्हाला द्यायला हवा होता. तुमच्या माघारी स्वयंपाकघरात जाऊन बोललो, तेच चुकलं. हे एवढंच बोलायचं होतं. तुम्ही भांडला नाहीत आणि मी बोललो नाही.

आणि आता त्या शेवटच्या रविवारचं. मी दिवाळीचं फराळाचं पोचवायला आलो होतो, बायको रिक्षात थांबलेली, तिच्या माहेरी जायचं होतं. तुम्ही आतून आवाज दिलात. "पाव्हणं, जल्दी हाय का? वर चल बरं. ते स्टिअरिंग लाव. तू चालव, मी बाजूला बसतो. हाताला काय काय लागतंय ते मला सांगत जा. खडी कुठं आली, ढिलं कुठं पडलं. बस, एक फेरी."

मी म्हणालो, "दाजी, पुढच्या रविवारी. नक्की."

"बराबर हाय. जा, बाई थांबली तिकडं," तुम्ही म्हणालात.

रिक्षा बाजाराच्या चौकात आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की तुम्ही मला पाव्हणं म्हणालात. इतक्या वर्षांनी. जा, म्हणालात, जावा नाही. मी बायकोला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "मग फिरायचं का माघारी?" मी म्हणालो, नको, रविवार कुठं लांब आहे. त्या आठवड्यात गुरुवारी पहाटे अक्काचा फोन आला.

तेराव्याची मंडळी पांगल्यावर मी वरच्या खोलीत गेलो. स्टिअरिंग शिलाई मशीनला तसंच आवळलेलं होतं. अक्का म्हणाली, तुम्ही अधूनमधून बसायचात, तिला कॉम्प्युटर चालू करून द्यायला लावायचात. सेटिंग उघडलं. जोर शंभर, थरथर शंभर, ओढ शंभर. काही न बदलता मी गाडी काढली. पहिल्याच खड्ड्याला स्टिअरिंगनं हात असा हिसडला की मनगटातून कळ गेली. दुसऱ्या वळणावर अंगठा मुरगळला. मी गाडी थांबवली आणि मनगट चोळत बसलो. ह्या जोरावर बसून तुम्ही म्हणत होतात, हाताला काहीच लागंना.

जोर पन्नासावर आणला. तुमची खुर्ची ओढून शेजारी ठेवली. मग मोठ्यानं सांगायला लागलो. दाजी, आता खडी लागली, बारीक आहे, तळहाताला गुदगुल्या झाल्यासारखं होतंय. आता डावं चाक कडेच्या ढिल्या मातीत गेलं, तिकडं ओढतंय, मी ढिलंच धरलंय. आता वळण, जड झालं, अजून जड, टायर ताणलेत. हलकं पडलं, दाजी, घसरतंय, थोडं सरळ करतो. आलं, परत आलं हातात. अक्का दारात येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं नाही कुणाशी बोलून राह्यला म्हणून. ओढ्याचं पाणी आलं तेव्हा ती म्हणाली, "हे त्यांना आवडायचं, सावकाश सांग." मी सावकाश सांगितलं. दगडावर चाक चढून उतरलं तेही सांगितलं. शेवटचं वळण, मग सपाट रस्ता, मग संपलं.

एक फेरी. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, दाजी.